पाचवे तिकीट

संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक होता, तोच आमच्या घरी प्रवासाची बोलणी सुरू झाली. आम्ही इंदूरचे. माळव्याच्या पठारावर तीन पिढ्या काढलेल्या माणसांना समुद्राचे जे अप्रूप असते, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगून कळावयाचे नाही. आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षे पंधरा, समुद्र एकदाच पाहिलेला आणि तोही मुंबईच्या चौपाटीवर, माणसांच्या पाठींमधून. धाकट्या कन्येने तर तो चित्रातच पाहिलेला. तेव्हा २०२५ च्या एप्रिलच्या आरंभी, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, कोकणात जावयाचे असे आम्ही उभयतांनी ठरविले आणि बेत आखण्याचे काम साहजिकच मजकडे आले. मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशा म्हणजे माझ्या हातचा मळ, असा घरच्यांचा आणि थोडासा माझाही समज होता.

दोन रात्री जागून मी जो बेत तयार केला, त्याचा मला फार अभिमान वाटला. नऊ दिवस आणि सहा गावे! अलिबाग, मुरूड, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे आणि मालवण. वहीच्या एका पानावर तारखा, दुसऱ्यावर अंतरे, तिसऱ्यावर खर्च. ह्यांनी चष्मा लावून ते पान वाचले आणि विचारले, “ह्यात बसायचं कधी?” पुरुषांना बेत करता येत नाहीत, एवढेच उत्तर मी मनात दिले.

आता मागे वळून पाहते, तेव्हा त्या बेतातल्या चुका मलाच हसवितात. कोकणचा किनारा नकाशावर सुतासारखा सरळ दिसतो, पण रस्त्याने जाणाऱ्याला तो तसा नाही. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद खाडी होते. राजपुरीची खाडी, बाणकोटची खाडी, दाभोळची, जयगडची. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसत असते, कोंबड्याची बांगसुद्धा ऐकू यावी इतके जवळ. पण गाडीने जावयाचे तर पूल गाठण्यासाठी आत डोंगराकडे तासन् तास वळसा घ्यावा लागतो, नाही तर तरीची वाट पाहावी लागते. भूगोल शिकविणाऱ्या बाईने हे विसरावे! त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मुरूड नावाची गावे दोन आहेत, हेही माझ्या ध्यानात आले नव्हते. एक रायगड जिल्ह्यातले, ज्याच्या समोर जंजिरा किल्ला उभा आहे. दुसरे दापोली तालुक्यातले, हर्णैच्या शेजारचे, जिथे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे बालपण गेले. मी एका मुरूडचा किल्ला आणि दुसऱ्या मुरूडचे घरगुती निवासस्थान एकाच दिवसात बसविले होते.

परंतु सांगावयाचे ते ह्या चुकांविषयी नाही. बेतामध्ये तिकिटे चार होती.

आमच्या घरी माणसे पाच आहेत. माझ्या सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षात होत्या. गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा लागतो, रात्री दोनदा उठावे लागते, जेवणात तिखट चालत नाही. प्रवासाचा विषय निघाला त्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळीन. तुळशीला पाणी कोण घालणार?” ह्यांनी दोनदा आग्रह केला. मीही एकदा केला. वाचकभगिनींपासून काय लपवावयाचे? माझा तो एकदाचा आग्रह तोंडदेखला होता. त्या ‘नको’ म्हणाल्या तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. वर्षभर शाळा, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास आणि आईंची औषधे ह्यांत गुंतलेल्या बाईला नऊ दिवस मोकळे मिळणार होते. आणि त्या गुहागरच्या आहेत, त्यांचे माहेर माझ्या यादीत चौथ्या क्रमांकावर आहे, हे ठाऊक असूनही मी चारच तिकिटांचा हिशेब मांडला.

एके दिवशी शाळेतून परतले, तेव्हा माझी वही जेवणाच्या टेबलावर उघडी होती. तारखांच्या पानावर समासात पेन्सिलीने काही लिहिलेले. अक्षर आईंचे, जुन्या वळणाचे, थोडे कापरे. प्रत्येक तारखेसमोर तिथी, आणि तिथीपुढे एक आकडा. ५ एप्रिल, गुहागर, ह्या ओळीसमोर लिहिले होते: “शु. अष्टमी. भरती ६. भर दुपारी सुकती. मुलांचे पाय भाजतील.”

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्या मेथी निवडीत होत्या. विचारले, तेव्हा त्यांनी मान वर न करताच सांगितले, “तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. मधे दुपारी बाराला ओहोटी, तिला आम्ही सुकती म्हणतो. म्हणजे वाळूवर चालायला जागा मिळेल ती टळटळीत उन्हात. आणि अष्टमीला भांगाचं पाणी, धड वर नाही, धड खाली नाही.”

मी थक्क झाले. वर्गात मी दरवर्षी चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची आकृती फळ्यावर काढते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे पडते, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, हे मुलांकडून पाठ करून घेते. तिथीच्या एका आकड्यातून घड्याळाची वेळ निघते हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. आणि आमच्या देवघरात दाते पंचांग घेऊन बसणाऱ्या बाईला ते ठाऊक असेल, हे तीस पावलांवर राहूनही मला कधी सुचले नव्हते. अर्थात हा हिशेब अंदाजाचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, प्रत्येक बंदराची वेळ थोडी निराळी असते. पण पायी फिरणाऱ्याला तेवढा पुरतो.

“मग कधी जायचं?” मी विचारले.

“अमावास्या नाही तर पुनव धरून. भरती दुपारच्या सुमाराला येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुकती मिळते. पाणी लांब जातं, वाळू ओली नि टणक. म्हाताऱ्या माणसालाही चालता येतं.” हे शेवटचे वाक्य बोलून त्या एकदम थांबल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करू लागल्या.

मग हळूहळू, विचारल्याशिवाय एक आणि विचारल्यावर दोन, अशा त्या बोलत गेल्या. १९६६ साली अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या इंदुरास आल्या. त्या वेळी कोकणात रेल्वे नव्हती. गुहागरहून निघून दाभोळच्या खाडीत आगबोट गाठावयाची आणि मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, पुढे आगगाडी. पावसाळा आला की समुद्र खवळे आणि आगबोटी बंद होत. १९७४ च्या आषाढात त्यांची आई गेली. तार इंदुरास पोहोचली ती तिसऱ्या दिवशी. आगबोट बंद, एस.टी.ने जावे तर घाटात पाऊस कोसळणारा, आणि मांडीवर आठ महिन्यांचे मूल. ते मूल म्हणजे माझे यजमान. आई गेल्या नाहीत. पुढे १९८३ मध्ये धाकट्या भावाच्या लग्नाला जाऊन आल्या, ते शेवटचे. भाऊ मुंबईला गेले, मग राहिले नाहीत. घर विकले गेले.

“मग आता चला ना आमच्याबरोबर,” मी म्हटले, आणि ह्या खेपेस ते तोंडदेखले नव्हते.

“कुणाकडे जायचं गं? माहेर माणसांनी असतं.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आणि गुहागरात जाऊन पैसे देऊन राहायचं? माझ्या गावात?”

गुडघ्यांचे दुखणे खरे होते. पण अडचण गुडघ्यांत नव्हती.

त्या रात्री मी माझी तीन पाने फाडली. ह्यांना सांगितले, तेव्हा ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग, “तिकिटं पाच काढ,” एवढेच म्हणाले. मालवण, अलिबाग, गणपतीपुळे रद्द झाली. दोनच मुक्काम ठरले: हर्णैजवळचे आंजर्ले आणि गुहागर. तारखा पंचांगावरून ठरल्या. फाल्गुन अमावास्या २९ मार्चला, गुढीपाडवा ३० ला. शिमग्याची गर्दी तोवर ओसरलेली असते. होळीच्या दिवसांत मुंबईचा चाकरमानी गावी जावयास निघाला म्हणजे कोकणच्या गाडीत पाय ठेवावयास जागा मिळत नाही. दूर प्रांतांतून येणाऱ्यांनी गणपती आणि शिमगा हे दोन सण टाळावेत, किंवा त्यांच्यासाठीच यावे. अधेमधे येऊ नये.

घरात मात्र वादळ उठले. चिरंजीवांचे सारे चित्त मालवणात गुंतले होते. सिंधुदुर्ग पाहावयाचा, पाण्याखाली बुडी मारून मासे पाहावयाचे, हे त्याने मित्रांना सांगूनही टाकले होते. “म्हणजे ही आपली सहल नाही, आजीची यात्रा आहे!” तो मोठ्याने म्हणाला. आजी पलीकडच्या खोलीत होती. दार उघडे होते. आम्ही सगळेच गप्प झालो. आतून काही आवाज आला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आई शांतपणे म्हणाल्या, “मी नाही येत. उगाच मुलाचा हिरमोड नको.”

मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण तो खोटे बोलला नव्हता. जे मी दोन दिवसांपूर्वी मनात म्हटले होते, तेच तो उघड म्हणाला होता. मी त्याला हे सांगितले. त्याला ते ऐकून बरे वाटले की वाईट, कोण जाणे. दोन दिवस तो घुम्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तो फोन कानाला लावून कुणाला तरी विचारीत होता, “खोली खालच्या मजल्यावर आहे का? पायऱ्या किती? नाही, नक्की किती? मोजून सांगा.”

तेव्हापासून निवासाचे खाते त्याच्याकडे गेले. आंजर्ले आणि गुहागर मिळून पंधरा-सोळा घरी त्याने फोन केले असतील. प्रश्न ठरलेले: पायऱ्या किती, बसावयाचे शौचकूप आहे का, रात्री वीज गेली तर दिवा आहे का, समुद्रापर्यंत किती पावले, आणि कमी तिखटाचे जेवण मिळेल का. माझ्या सहा गावांच्या बेतात ह्यांपैकी एकही प्रश्न नव्हता. त्या बदल्यात सुवर्णदुर्ग आणि अंजनवेलचा गोपाळगड त्याला वडिलांबरोबर पाहावयास मिळावा, असा तह झाला. आजीपुढे जाऊन तो काय बोलला ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आईंनी कपाटातून जुनी वेताची काठी काढून तेलाने पुसली.

आरक्षणासंबंधी एक गोष्ट सांगून ठेवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधीच सुरू होते; पूर्वीसारखे चार महिने आधी नाही. तेव्हा तारीख धरून बसावे लागते. आम्ही इंदूरहून मुंबईस ‘अवंतिका’ने आणि पुढे ‘मांडवी’ने खेडपर्यंत, अशी तिकिटे काढली. आईंना खालची बाके मिळाली. मधे एक पूर्ण दिवस मुंबईत नातलगांकडे विसावा ठेवला. माझ्या पहिल्या बेतात हा दिवस ‘वाया’ जाणार म्हणून मी ठेवला नव्हता.

कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. आईंनी तो कधी पाहिला नव्हता. गाडी बोगद्यात शिरली की त्या डोळे मिटून घेत, बाहेर आली की उघडीत. एकदा म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर साली ही असती तर...” आणि पुढे बोलल्या नाहीत. मुलगी डब्यात फिरणाऱ्या वडेवाल्याकडे पाहत होती. मी खिडकीबाहेर पाहिले.

खेडहून दापोली आणि दापोलीहून आंजर्ले. तेथील आमच्या निवासात फसगत झालीच. चिरंजीवांना ‘दोन-चार पायऱ्या’ म्हणून सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात अंगणापर्यंत त्या एकोणीस निघाल्या. मुलगा लालबुंद झाला. शेवटी त्याने आणि ह्यांनी आईंना खुर्चीत बसवून वर नेले. आई सारा वेळ, “अरे, पालखी नीट धरा,” म्हणून हसत होत्या. यजमानीणबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने एकोणीस पायऱ्या म्हणजे काहीच नव्हे.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आता गाडीने थेट वरपर्यंत जाऊन पाहता येतो, त्यामुळे तो आईंनाही घडला. वरून समुद्र, खाडी आणि दूर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग दिसतो. हा किल्ला कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा आधार. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून तो इंग्रजांनी घेतला, आणि तोही पेशव्यांच्या संमतीने व साहाय्याने. आपल्या हाताने आपले आरमार बुडविल्याची ही कथा चिरंजीवांनी होडीतून किल्ला पाहून आल्यावर रात्री जेवताना आम्हांस ऐकविली, आणि जणू काही आम्हीच त्या कटात होतो असा चेहरा केला. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला. ते दृश्य मोठे जिवंत. परंतु वासाची सवय नसलेल्यांनी आधी जेवून जाऊ नये, इतकेच सुचविते.

कन्येची हौस कासवांची होती. ह्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात निघून जातात. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री खात, माणसेही नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने २००२ मध्ये वेळास गावी त्यांच्या संरक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे गावोगावी ते पसरले. अंडी कुंपणाच्या आत पुरून ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. आम्ही गेलो त्या सकाळी टोपलीखाली नऊ पिल्ले निघाली. दोरीमागे सगळ्यांना उभे केले. मुठीत मावतील एवढी ती काळी पिल्ले वाळूवर ठेवताच वल्ही मारीत पाण्याकडे निघाली. एक लाटेने उलटे झाले, पुन्हा सरळ झाले, पुन्हा निघाले. गावातला कासवमित्र सांगत होता की ह्यांतली मादी मोठी झाली म्हणजे बहुधा ह्याच किनाऱ्याच्या भागात अंडी घालावयास परत येते. “किती वर्षांनी?” मुलीने विचारले. “दहा-पंधरा तरी.” मुलीने आजीकडे पाहिले. आजी म्हणाल्या, “त्यांना रेल्वेचं आरक्षण लागत नाही.”

२८ तारखेला दुपारी आम्ही दाभोळला आलो. दाभोळ आणि पलीकडचे धोपावे ह्यांच्यामध्ये २००३ पासून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते, त्यामुळे चिपळूणवरून जाणारा मोठा वळसा वाचतो. गाडी बोटीत चढली. माणसांनी खाली उतरून कठड्याशी उभे राहावयाचे. आई काठी टेकीत कठड्यापर्यंत गेल्या आणि समुद्राकडे नव्हे, तर मागे सुटणाऱ्या दाभोळच्या धक्क्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“इथून गेले मी,” त्या म्हणाल्या. “पहाटेची वेळ होती. आगबोट भोंगा वाजवायची, तो ऐकू आला की आईने घाई लावली. दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या बोट लागल्यामुळे मी खाल्ल्याच नाहीत. मुंबईला तुझ्या सासऱ्यांनी खाल्ल्या.” मग थोड्या वेळाने, “आई पलीकडच्या काठालाच थांबली. इथवर आली नाही. मला राग आला होता तेव्हा.”

वासिष्ठीचे पाणी बरेच गढूळ होते. मुखाशी अंजनवेलच्या बाजूस उंच धुरांडी दिसत होती. ती त्यांच्या आठवणीत नव्हती. ह्यांनी त्यांचा हात धरला होता. मायलेक तसे एकमेकांचे हात धरणारी नव्हेत. खाडी ओलांडावयास फार वेळ लागत नाही.

गुहागर म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक लांबलचक रस्ता. वरचा पाट आणि खालचा पाट, दोहों बाजूंस घरे, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळींच्या वाड्या, थेट पुळणीपर्यंत. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आमचे निवासस्थान अशाच एका वाडीत होते: पायऱ्या दोन, शौचकूप हवे तसे, आणि सुकाणू चिरंजीवांच्या हाती. आईंनी आल्याबरोबर यजमानांना त्यांचे आडनाव, मूळ घर, आजोबांचे नाव विचारले. दूरचेही नाते निघाले नाही. त्या जराशा हिरमुसल्या.

अमावास्येच्या दिवशी पंचांगाप्रमाणे दुपारच्या भरतीला आम्ही हेदवीस गेलो. दशभुज गणपतीचे दर्शन घेतले आणि किनाऱ्यावरची बामणघळ पाहिली. खडकातली ती अरुंद भेग. उधाणाचे पाणी तिच्यात कोंडले की फुत्कारून उंच उडते. तेथे फार जवळ जाऊ नये. ओला खडक शेवाळलेला असतो आणि पुढची लाट कितीची येईल हे कुणी सांगू शकत नाही. ओहोटीच्या वेळी गेलेल्यांना मात्र तिथे नुसती भेग दिसते, आणि तेही लोक परत जाऊन ‘काही विशेष नाही’ असे सांगतात. मुलगा वहीत वेळ लिहून घेत होता. आजीचे गणित आणि घड्याळ ह्यांत पाऊण तासाचा फरक निघाला, तो त्याने विजयाने जाहीर केला. “पंचांग इंदूरचं नाही, पण मी इंदूरची झाले ना,” आई म्हणाल्या.

घराचा विषय त्यांनी काढला नव्हता, आम्हीही नाही. पाडव्याच्या सकाळी व्याडेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तेव्हा गाडीत न बसता त्या खालच्या पाटाकडे चालू लागल्या. गुडघा दुखत होता हे पावलांवरून कळत होते. दोनदा थांबल्या, एकदा चुकीच्या बेड्याशी वळल्या आणि परत फिरल्या. मग एका घरापुढे उभ्या राहिल्या. कौलारू घर राहिले नव्हते. सिमेंटचे दुमजली घर होते, गुलाबी रंगाचे. दारात गुढी उभारलेली. मागे विहीर होती. रहाट गेला होता, पंप बसविलेला.

घरातली तरुण सून बाहेर आली. “कोण पाहिजे आजी?”

मला वाटले आई आता सारे सांगतील. त्या म्हणाल्या, “कुणी नाही गं. गुढी छान उभारलीस. काठी कळकाची का?”

“हो. आत या ना.”

“नको. पाय दुखतात, बसले तर उठणं नाही व्हायचं.”

ती मुलगी आत गेली आणि वाटीतून कडुलिंबाचा प्रसाद घेऊन आली. पाने, गूळ, हरभऱ्याची डाळ. आम्हां पाचांच्याही हातांवर तिने तो ठेवला. आईंनी खाल्ला, मग पाणी मागितले. “विहिरीचंच दे. नळाचं नको.” तिने तांब्या भरून आणला. आईंनी उभ्याने, वरून, अर्धा तांब्या पाणी प्यायले. उरलेले माझ्या हाती दिले. पाणी किंचित मचूळ होते. “तेव्हा गोड होतं,” परतताना त्या म्हणाल्या. मग थोडे चालल्यावर, “की नव्हतं, कोण जाणे.”

संध्याकाळी साडेपाचाच्या सुमारास आम्ही वाडीतून पुळणीवर गेलो. पाणी खरोखरच लांब गेले होते. ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट, आणि तिच्यात आकाश दिसत होते. आई अनवाणी चालल्या. पहिल्या शंभर पावलांना काठी, पुढे नातवाचा खांदा. इंदुरात त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दमतात. येथे किती चालल्या ते मी मोजले नाही. पाण्याशी पोहोचल्यावर एक पातळ लाट येऊन त्यांच्या पायांवरून गेली आणि टाचांखालची वाळू ओढून नेऊ लागली. त्या डगमगल्या. “सोडू नकोस रे,” त्या नातवाला म्हणाल्या. “नाही सोडत,” तो म्हणाला. बराच वेळ दोघे तसेच उभे होते. मी मागे राहिले. त्या माझ्याशी त्या वेळी काही बोलल्या असत्या, तर मला काय उत्तर द्यावे हे सुचले नसते.

परतताना त्यांनी नातीला विचारले, “उद्या भरती किती वाजता?”

“उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट... दीड. दुपारी दीडला.”

“आणि रात्रीची?”

“रात्रीचीही दीडच्या पुढेमागे.”

“शाळेत सांग बाईंना,” आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलेच नाही.

निघावयाच्या दिवशी सकाळी ह्यांनी खोल्यांचे पैसे देण्यासाठी पाकीट काढले, तो आई पुढे झाल्या. कमरेची कापडी पिशवी सोडून त्यांनी निवृत्तिवेतनाच्या नोटा काढल्या. त्या घडीवर घडी घातलेल्या होत्या. इंदूरहून निघतानाच वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात. यजमान म्हणाले, “आजी, तुम्ही गावच्या. थोडे कमी द्या.” त्यांनी ऐकले नाही. बिल वाचले, दोन चहा जास्त लावले आहेत म्हणून वाद घातला, तो जिंकला, आणि राहिलेले पैसे मोजून दिले. मग म्हणाल्या, “पावती द्या. माझ्या नावाने.”

नाव सांगताना त्यांनी माहेरचे सांगितले. यजमानांनी लिहिले. ती पावती आता आमच्या देवघरात पंचांगाच्या पानांत आहे, फाल्गुन अमावास्येच्या ठिकाणी.